डावी बाजू खरी, उजवी फसवी

आमच्या मागच्या अंगणातल्या लाकडी कुंपणावर, माझा हात पोहोचणार नाही इतक्या उंच, निळ्या चिकटपट्टीची एक फुली आहे. टेक्सासमधल्या फ्रिस्कोच्या उन्हाने तिचा रंग उडालाय आणि एक टोक सुटून वाऱ्यावर फडफडत असतं. नवरा दर शनिवारी गवत कापताना विचारतो, "काढू का गं ती?" आणि मी दर शनिवारी म्हणते, "हात लावून बघ." मुलगी मिनेसोटाला शिकायला गेल्यावर तिची खोली मी आवरली, तिचे चिखलाचे बूट गराजमध्ये टाकले. फुली मात्र राहू दिली.

मुलगी रग्बी खेळते. नागपूरला आईला मी हे फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे ते एकमेकांच्या अंगावर पडतात तेच ना? भरतनाट्यमला काय झालं?" मैदानावर मुलीची जी जागा आहे तिचं इंग्रजी नाव 'हूकर', आणि बोली इंग्रजीत त्याचा दुसरा अर्थ वेश्या, म्हणून ते मी आईला आजतागायत सांगितलेलं नाही. "बॉल फेकते," एवढंच सांगते. खोटंही नाही ते. बॉल बाजूच्या रेषेबाहेर गेला की खेळ पुन्हा सुरू करायला जो लायनआउट होतो, त्यात रेषेबाहेर उभं राहून बॉल आत फेकायचं काम तिचं.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. दुसऱ्यांच्या चुका काढणं हे माझं पोटापाण्याचं काम, आणि घरी मी तेच हौसेने करते. त्यामुळे बाकीच्या आया घडीच्या खुर्च्यांवर बसून कॉफी पीत असायच्या तेव्हा मी लायनआउटचे नियम पाठ करून बसले होते. दोन्ही संघांच्या मुली शेजारी-शेजारी दोन रांगांत उभ्या राहतात, मध्ये मीटरभर मोकळी गल्ली. बॉल त्या गल्लीच्या मधोमध सरळ गेला पाहिजे, आपल्या बाजूला झुकता कामा नये. रांगेत किती जणी उभ्या करायच्या ते फेकणारा संघ ठरवतो, समोरच्यांनी त्याहून जास्त उभ्या करायच्या नाहीत. एक मुलगी उडी मारते, पुढची-मागची अशा दोघी तिला मांड्यांना धरून वर उचलतात. हवेतल्या मुलीला समोरच्यांनी हात लावायचा नाही. आणि ज्यांनी उचललं, त्यांनीच तिला नीट खाली आणून पायांवर ठेवायचं. हा शेवटचा नियम मला पहिल्यापासून आवडला.

आणखी एक नियम आहे. फेकायचं सोंग करायचं नाही. हात पुढे नेऊन थांबवला की शिट्टी. पण हाताने फसवता येत नसलं तरी तोंडाने फसवता येतं. बॉल रांगेत पुढे जाणार, मध्ये की मागे, हे फेकणारी ओरडून सांगते, पण सांकेतिक शब्दांत. आपल्यांना कळावं आणि समोरच्यांना कळू नये. लायनआउटची अर्धी हुशारी त्या शब्दांत असते.

इथे मला जरा मागे जायला हवं, नाहीतर मी त्या शब्दांसाठी एवढी वेडी का झाले ते कळणार नाही.

ही मुलगी लहानपणी मराठीच बोलायची. घरात आम्ही तिघं, तिला दुसरी भाषा ऐकायलाच मिळत नव्हती. बडबडी होती. भात कालवताना बोलायची, आंघोळीत बोलायची, झोपेत बोलायची. 'कडेवर' म्हणता यायचं नाही तर 'तलेबल' म्हणायची. दोन्ही हात वर करून माझ्या गुडघ्यांशी येऊन उभी राहायची, "तलेबल, आई, तलेबल!" हातात लाटणं असो, लॅपटॉप असो, उचलल्याशिवाय सुटका नाही. आम्ही दोघंही मग तलेबलच म्हणायला लागलो. मग ती शाळेत गेली, आणि एकेक शब्द करत मराठी गेली. कुणी मारून काढली नाही, आपसूक गेली. मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. समजायचं सगळं. बोलायची नाही. मध्यंतरी मी इंग्रजी कळत नसल्याचं नाटक करून पाहिलं. "कॅन आय हॅव सम मिल्क?" म्हणाली की मी ढिम्म. ती खुर्ची ओढून फ्रिजपाशी जायची आणि स्वतःच दूध घ्यायची. माझाच स्वभाव उतरलाय, बोलणार कुणाला?

शनिवारी मराठी शाळेत घातलं, तिथे ती गाणी म्हणायला शिकली आणि घरी येऊन इंग्रजीतच सांगितलं की गाणी बोअर आहेत. पुढे मी तोंडाने नाद सोडला, मनातून सोडला नाही. एवढंच वाटायचं की ही घर सोडून जायच्या आत एकदा, फक्त एकदा, हिने मला काहीतरी मराठीत म्हणावं. मी सांगितलंय म्हणून नव्हे. तिला म्हणावंसं वाटलं म्हणून.

आणि बारावीच्या वर्षी एका संध्याकाळी ती स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. "आई, आय नीड वर्ड्स."

आधीच्या मॅचमध्ये समोरच्या संघाने त्यांचा रंगांचा कोड ओळखला होता. कोच बाई म्हणाल्या होत्या, नवीन काढा. "मराठी वर्ड्स," मुलगी म्हणाली. "नोबडी विल एव्हर गेस."

मी गॅस बंद केला. असं आमंत्रण मला इतक्या वर्षांत आलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, ते तिला दिसू नये म्हणून मी ताट काढायला खाली वाकले, आणि ताट हातात आल्यावर कोड सुचला.

आपल्याकडे पान वाढण्याला क्रम असतो. वर मधोमध मीठ. डाव्या बाजूला लिंबू, मग चटणी, मग कोशिंबीर. उजव्या बाजूला भाजी, उसळ, आमटी. माझ्या आईने मला हे कान पिळून शिकवलं होतं. कोशिंबीर उजवीकडे पडली तर ती पुन्हा वाढायला लावायची. मी मुलीला म्हटलं, मीठ म्हणजे तू, फेकणारी. लिंबू म्हणजे पुढची उडी, चटणी मधली, कोशिंबीर मागची. आणि उजवीकडचं सगळं फसवं. तू ओरडायचंस, "भाजी, चटणी, आमटी!" बाकीचं सोडून द्यायचं, बॉल चटणीला. डावी बाजू खरी, उजवी फसवी.

ती ताटाकडे बघत राहिली. "दॅट्स जीनियस," म्हणाली, आणि मग हळूच, तोंडात घोळवून, "कोशिंबीर." स्वच्छ. एका अक्षराची चूक नाही.

पुढच्या रविवारी सगळ्या फळीला मी जेवायला बोलावलं. उचलणाऱ्या दोघी दाराएवढ्या होत्या, उडी मारणारी शेवग्याच्या शेंगेसारखी. ओट्याभोवती बसवून मी प्रत्येकीला क्रमाने वाढलं, आणि ज्या पदार्थाला हात लावाल त्याचं नाव घ्या म्हटलं. "आंटी, चटणी इज मिडल, राइट?" एक जण म्हणाली. मी म्हटलं, "काकू म्हण, मग सांगते." तिखट लागून त्यांचे चेहरे लाल झाले, पण कोशिंबीर तिसऱ्यांदा मागून घेतली. मुलगी मध्ये उभी राहून त्यांना शिकवत होती. माझी मुलगी, दुसऱ्यांना मराठी शिकवत होती.

सराव घरी मागच्या अंगणात. फुली तिने तेव्हाच चिकटवली, खुर्चीवर चढून कुंपणाच्या अगदी वरच्या टोकाला, तेच उचललेल्या मुलीचे हात समजून. कुंड्यांच्या दोन रांगा लावून मध्ये गल्ली ठेवली. टेक्सासचा वारा असा की सरळ फेकलेला बॉलही आपल्या मर्जीने वळतो. त्यात माझी कढीपत्त्याची कुंडी फुटली, आणि मी एक शब्द बोलले नाही. नवऱ्याने बाहेर येऊन माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप आहे का म्हणून.

कारण तोपर्यंत घरात शब्द यायला लागले होते. "आई, लिंबू आहे?" "आज आमटी?" मी रोज कोशिंबीर करत होते. काकडीची, गाजराची, मुळ्याची, काही नाही तर बिटाची. नवरा म्हणाला, "अगं, तो कोड आहे. संवाद नाही." मी म्हटलं, "तुला काय कळतंय." पण कळत होतं त्याला. मलाही कळत होतं. तरी माणूस आशा करतो.

सीझनची शेवटची मॅच ह्यूस्टनकडच्या एका संघाशी होती. मुलीची क्लबसाठीची शेवटची. पहिल्या दोन-तीन लायनआउटना आमचा कोड झकास चालला. मैदानावर "उसळ, लिंबू, भाजी!" अशी आरोळी उठायची आणि ती शेंग हवेत जाऊन अलगद बॉल घ्यायची. मी खुर्चीच्या टोकावर बसून ऐकत होते.

मग एकदा मुलगी ओरडली, "आमटी, कोशिंबीर, भाजी!" आणि बॉल हातातून सुटायच्या आत समोरच्यांची उडी मागच्या जागी तयार होती. बॉल त्यांनी घेतला. पुढच्या वेळी चटणी, त्यांची उडी मध्ये. कुणी कुणाला हात लावला नाही, बॉलवर दोघांचाही हक्क असतो, सगळं नियमात. माझ्या मुलीने बॉल फेकायला घेतला की समोरची एक ठेंगणी, वेणी घातलेली मुलगी आपल्या संघाला बोटाने जागा दाखवत होती.

मागून आवाज आला, "बघितलंस? कोशिंबीर म्हटलं की मागे. ओळखलं हिने!"

मी वळले. माझ्याच वयाची बाई, डोळ्यांवर गॉगल, मांडीवर चिवड्याचा डबा. नवऱ्याला कोपर मारून सांगत होती. मी म्हटलं, "तुम्ही मराठी?"

"अय्या, तुम्हीपण? कोड तुमचा का? हो ना, आमची पहिल्याच वेळी हसायला लागली. लिंबू पुढे गेल्यावर चटणी मध्ये आणि कोशिंबीर मागे, हे काय सांगायला हवं? पुण्याला आजीकडे पानं वाढायला हीच असते ना." तिने डबा पुढे केला. "घ्या, घरचा आहे."

मी चिवडा घेतला. काय करणार? साऱ्या टेक्सासात हे कुणाला कळणार नाही असं मी समजून चालले होते, आणि इथे दर तिसऱ्या गल्लीत आपलं माणूस राहतं. त्यावर कडी म्हणजे कोड नुसता मराठी ठेवला नव्हता मी, क्रमानेही लावला होता. दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरणारी बाई मी.

पण मला खरं लागलं ते पुढे. बॉल बाहेर गेला होता, खेळ थांबला होता, आणि ती वेणीवाली मुलगी रेषेपाशी धावत येऊन म्हणाली, "आई, पाणी दे ना गं. आणि बाबाला सांग ओरडू नको, मला लाज वाटते." सहज. पाणी प्यायली, पाठ वळवून गेली. तिच्या आईने तिकडे धड पाहिलंही नाही, चिवड्यातले शेंगदाणे वेचत होती. मला त्या बाईचा इतका हेवा वाटला की हातातला चिवडा मी हळूच गवतावर सोडून दिला.

तेवढ्यात आमच्या बाजूने आणखी एक घोळ झाला. मुलीने ठरवलं की रांगा लागायच्या आतच बॉल झटकन आत टाकायचा, म्हणजे कोडची गरजच नाही. तसं करता येतं, फक्त बॉल तोच हवा आणि बाहेर गेल्यावर दुसऱ्या कुणाचा हात त्याला लागता कामा नये. बॉल घरंगळत आला आमच्या खुर्च्यांपाशी. मुलगी धावत येत होती. आणि माझ्या नवऱ्याने प्रेमाने तो उचलून तिच्या हातात दिला.

रेफरीने मान हलवली. मुलीने आभाळाकडे पाहिलं. "अरे, कुणी सांगितलं होतं?" मी म्हणाले. "मदत केली," तो म्हणाला. लायनआउट झाला, मुलगी "भाजी, लिंबू, उसळ!" ओरडली, आणि तोही गेला.

हाफटाइमला मुली घोळका करून बसल्या. माझी मधोमध उकिडवी बसून काहीतरी सांगत होती, बोटाने गवतावर दाखवत होती. आमच्याकडे तिने पाहिलंही नाही. मला वाटलं, संपलं. आता परत लाल, पिवळा, निळा. घरातली आमटी परत डाळ सूप होणार. ह्याहून वाईट म्हणजे ती जाणार, आणि जाताना हे एवढंसं हाताला लागलेलंही निसटून जाणार. मॅचचं मला काही वाटत नव्हतं. मी खुर्चीत बसून रडायच्या बेतात होते, हे सरळ सांगते.

दुसरा हाफ सुरू झाला. पहिलाच लायनआउट आमच्यासमोर, आमच्या खुर्च्यांपासून हाकेच्याही आत. मुलगी पाठमोरी उभी राहिली, बॉल डोक्यावर धरला, आणि ओरडली,

"तलेबल!"

शेंग वर गेली. मधल्या जागी, दोघींच्या हातांवर, सरळ, उंच. समोरच्या सगळ्या जमिनीवर उभ्या. वेणीवाली आपल्या आईकडे बघत होती, आणि तिची आई माझ्याकडे.

"काय म्हणाली हो?" बाईने विचारलं. "कुठला शब्द हा?"

मी नवऱ्याचा हात धरला होता. त्यानेही माझा. आमच्या घराच्या पलीकडे जगात कुणाला तो शब्द माहीत नव्हता, आणि आम्हीही तो वर्षानुवर्षं उच्चारला नव्हता. मी बाईला म्हटलं, "मॅच चालू आहे. नंतर सांगते."

त्यानंतर आमचा एकही लायनआउट गेला नाही. तिने आणखीही शब्द काढले होते, कुठून कुठून. लहानपणीच्या तिच्या कापडी हत्तीचं नाव होतं. झोपताना मी पायांवर घेऊन जे निरर्थक म्हणायचे, त्यातला तुकडा होता. मॅच आम्ही हरलोच. मला विचारलंत तर अंतर किती होतं ते आठवत नाही.

शेवटी दोन्ही संघ एकमेकांशी हस्तांदोलन करून खुर्च्यांकडे आले. वेणीवाली थेट माझ्यापुढे. "काकू, तुमचं ताट खूप मस्त होतं. पण ते सेकंड हाफमधलं काय होतं?"

"इट्स मराठी," माझी मुलगी मागून म्हणाली. गुडघा फुटलेला, दातांना लावायचं प्लास्टिक हातात. "मीन्स, लाइक, अप. पिक मी अप."

वेणीवालीने कपाळाला आठी घातली. "असा शब्द नाहीये मराठीत."

माझ्या मुलीचा चेहरा उतरला. ती माझ्याकडे वळली. "आई? आहे ना?"

तिच्या लक्षात नव्हतं की तो तिचाच शब्द आहे. तिला वाटत होतं की तो भाषेतला आहे, सगळ्यांचा आहे, इतरांकडेही असणार. एवढी वर्षं इंग्रजी बोलून तिच्याकडे जे मराठी उरलं होतं त्यात हा शब्द होता, आणि तो तिने जपून, खरा समजून ठेवला होता. आणि मी, जी शेजारणीच्या फराळाच्या आमंत्रणातल्या चुकासुद्धा मेसेज करून कळवते, ती मी तिथे उभी होते.

"आहे," मी म्हणाले. "आमच्याकडे म्हणतात."

गॉगलवाल्या बाईने माझ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "हो, हो," ती आपल्या मुलीला म्हणाली, "नागपूरकडे म्हणत असतील." मी नागपूरची आहे हे तिला मी सांगितलं नव्हतं. बोलण्यातून ओळखलं असेल. चिवड्याचा उरलेला डबा तिने जाताना माझ्या पिशवीत घातला.

मुलगी ऑगस्टमध्ये गेली. तिथे ती रग्बी खेळते, तिथला कोड वेगळा आहे, सिनिअर मुलींनी ठरवलेला. फोन येतात, इंग्रजीत. मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत, आमचे दोन रस्ते जसे होते तसे. कोशिंबीर मी आता रोज करत नाही. दोघांना काकडी एकच लागते आणि तीही उरते.

परवाच्या रविवारी सकाळी फोन आला. बाहेर बर्फ पडत होता तिच्याकडे. सर्दी झाली होती, एक पेपर वाईट गेला होता, रूममेट घरी गेली होती. हे सगळं तिने इंग्रजीत सांगितलं, भरभर. मी म्हटलं, गरम पाणी पी, मफलर बांध, ती ओके-ओके म्हणत होती. मग दोघींचंही बोलणं संपलं. मला वाटलं, ठेवला. ठेवला नव्हता. नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग अगदी बारीक आवाजात ती म्हणाली,

"आई. तलेबल."

मी ओट्याशी उभी होते. खिडकीतून कुंपण दिसत होतं, फुली दिसत होती, वारा होता. माझा एक हात आपोआप पुढे झाला होता, रिकामा.

"ये," मी म्हटलं.